उंबरठ्यातला खिळा

“अहो, दार पुन्हा अडकलं! तुमचा तो सरकारी खिळा काही ऐकतोय का बघा!” पत्नी आतून ओरडली.

आमच्या दगडी उंबरठ्यात सरकारी मोजणीचा एक पितळी खिळा ठोकलेला आहे. बेटावरील सर्वांत जुने घर आमचे; म्हणून तो खिळा अचल मानून त्याच्यावरून मी समुद्रातील नव्या भरावाची उंची मोजतो. भराव खचायचा थांबल्याचे सलग सहा महिने आढळले, की सखल वस्तीतील आम्ही सर्वजण तेथे राहावयास जाणार. पाच महिने आकडा तसूभरही हलला नव्हता. आज सहावी नोंद. भांडी पोत्यात बांधून झाली होती. विटांवर उंच केलेल्या पलंगावरून आई सारखी विचारीत होती, “निघायचं का रे?”

दार खांद्याने लोटून मी बाहेर आलो. भरतीचे पाणी खिळ्यास टेकले होते. गतवर्षी याच भरतीस ते खालच्या पायरीशी थांबले होते, आणि त्याच दिवशी मी बंदरातील खडकावर पाण्यालगत पांढरी रेघ ओढली होती. मी तिकडे धावलो. पाणी बरोबर रेघेवर होते. परतलो, पाहिले, पुन्हा गेलो. चित्त ठिकाणावर राहिना. समुद्र तेथे चढला नाही, मग येथे कसा चढला?

तेव्हा उमगले. उंबरठाच खाली गेला होता. आणि त्याच्यावरून मोजलेला भराव स्थिर दिसत होता, याचा अर्थ तोही आमच्याइतकाच खचत होता.

भरावावर मोजणी खात्याचे साहेब वाट पाहत होते. मी खिळ्यावरून सहावे माप घेतले.

“आकडा?”

“तोच आहे, साहेब.”

“मग तोंड का पाडलंय? करा सही, हलवा बिऱ्हाड!”

“साहेब, आकडा खरा आहे. खिळा खोटा आहे.”

मी सर्व सांगितले. साहेब खडकाकडे पाहत राहिले.

“म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?”

“होय. खडकावरून.”

“घरचे उंबरठ्यात उभं करणार नाहीत तुम्हाला.”

“उंबरठा तरी कुठे राहिलाय, साहेब.”

मी घरी परतलो. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि पोत्याची गाठ सोडली.

“निघायचं का रे?”

“अजून नाही, आई. पाय वर घे जरा.”

पत्नीने पलंगाची कड उचलून धरली. मी प्रत्येक पायाखाली आणखी एक वीट सरकवली.