बारीक आवाजाची सोय

माझा नवरा मुजफ्फर इंदापूरचा लाऊडस्पीकरवाला. त्याच्या लेखी साऊंड म्हणजे आवाज वाढवणं, आणि माइकची शिट्टी वाजली की कमी करणं. बाकीच्या बटणांना तो लांबूनच नमस्कार करतो. म्हणून बारामतीतला एक कॅसेटचा स्टुडिओ बंद झाला, तेव्हा तिथली ‘चॅनल स्ट्रिप’ नावाची चपटी पेटी मी हट्टानं घरी आणली आणि तिच्यापुढं बसून बसून शिकले.

त्या एका पेटीत तीन कामं होती. गेट म्हणजे दार, फार बारीक आवाजाला ते आत घेत नाही. कॉम्प्रेसर मोठ्या आवाजाला दाबतो, मग सगळंच वर उचलता येतं आणि ओरडणारा न् हळू बोलणारा एका पातळीवर येतात. इक्वलायझरनं घुमणारा जाड भाग काढायचा, म्हणजे शब्द स्वच्छ होतात.

सत्त्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला शेजारच्या गावात ग्रामसभा होती. आदल्या दिवशी तिथल्या सरपंच कौसल्याबाई स्वतः आमच्या दुकानात आल्या. खुर्ची बायकांसाठी राखीव झाली म्हणून त्या सरपंच झाल्या होत्या, पण गाव चालवायचे त्यांचे मालक मोहनराव.

“करिमा, माझा आवाज लई बारीक हाय. मागच्या बायकांपातूर जात न्हाय. उद्या नळाचं बोलायचंय. लाइन आधी धनगरवस्तीवर न्यायची, पोरी लांबून पाणी वाहत्यात. पण आमच्या ह्यांना येशीवर कमान पायजे, मामंजींच्या नावाची.”

“मग तुमीच सांगा की सभेला.”

“सांगू देतंय कोण?”

सकाळी झेंडावंदन झालं. शिट्टी नको म्हणून मी कर्ण्यांची तोंडं माइकपासून लांब, लोकांकडं फिरवून घेतली होती. कौसल्याबाई माइकपुढं उभ्या राहिल्या आणि मोहनराव त्यांच्या खांद्यामागून वाकले. मी पेटीपुढं बसून हेडफोन लावला.

“म्हण, नमस्कार मंडळी,” मोहनराव कुजबुजले.

“नमस्कार मंडळी,” बाई म्हणाल्या.

माझं टाळकंच फिरलं. असली माणसं मला डोळ्यांपुढं नको होतात. खरं तर मी गेट जरा वर न्यायला हवं होतं, ती कुजबूज दाराबाहेरच राहिली असती. मी दार सताड उघडलं. कॉम्प्रेसर आणखी दाबला, सगळा आवाज उचलला, आणि मोहनरावांचा शब्द न् शब्द कळावा म्हणून ट्रेबल, म्हणजे आवाजाची धारही चढवली.

“म्हण, औंदा पैला मान कमानीचा,” चारी कर्ण्यांतून मोहनराव बोलले.

सभेच्या माना कर्ण्यांकडं वळल्या. बाईंनीही वर पाहिलं.

“अगं म्हण की! तोंड शिवलंय व्हय?”

आधी बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. मग पुढच्या रांगेतले म्हातारे म्हस्कू तात्या उठून उभे राहिले. “मोहनराव, तुमीच बोला की सरळ! बाईला कशापायी दमवताय?”

मोहनरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की बास. मी पदरानं पेटीवरची धूळ पुसू लागले. मुजफ्फर मेन स्विचकडं धावला, त्याचा मी दंड धरला. मला भीती होती ती बाईंची. त्या रडत खाली बसल्या असत्या, तर माझा चावटपणा त्यांच्याच अंगावर आला असता आणि मला ते आयुष्यभर खात राहिलं असतं.

बाईंनी माइक हातात घेतला. मागं वळल्या आणि तो नवऱ्याच्या तोंडापुढं धरून भोळेपणानं विचारलं, “अहो, पुढं काय म्हणू?”

आता आली पंचाईत. काही बोलावं तर सगळं गाव ऐकणार. मोहनरावांनी नुसती मान हलवली. त्यांनी गिळलेला आवंढासुद्धा कर्ण्यांतून ऐकू आला.

“मग मी माझंच म्हणते,” बाई लोकांकडं वळल्या. आवाज बारीकच होता, पण पार मागच्या भिंतीला टेकलेल्या बायकांपर्यंत गेला. “नळ आधी वस्तीवर. पटतंय त्यांनी हात वर करा.”

हात भराभर वर गेले. मुजफ्फरनंही केला, त्याला त्या गावात मत नसताना. मोहनराव तेवढे हाताची घडी घालून उभे होते. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी तोंडात न आलेली ती बाई भर सभेत, माइकमधून म्हणाली, “मोहनराव, तुमचा हात?”

चारी कर्ण्यांनी ते गावभर नेलं, आणि मोहनरावांनी हात वर केला.