पाय बघा, नाना

१९८७च्या मार्चात धुळ्याच्या धावपट्टीवर राजकुंवरचं विमान उतरताना दुसऱ्यांदा डावीकडे ओढलं गेलं आणि नाल्यापासून चार हातांवर थांबलं. विमान शिकाऊंसाठीचं, दोन आसनांचं, चाळीस वर्षं जुनं. राजकुंवर धरणगावच्या सोहनलाल शेटजींची मुलगी. शिकवणारे कॅप्टन म्हणाले, "तिसऱ्यांदा असं झालं तर शिकणं बंद. हिचे पाय सारखे पडत नाहीत."

हे पायांचं निदान मुळात कौतिकनानाचं, दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा असं झालं तेव्हाचं. हवाई दलात वीस वर्षं मेकॅनिक राहिलेला, आता इथली विमानं सांभाळणारा माणूस, त्याच्या शब्दावर कोण बोलणार? त्याने ब्रेकचे लायनर बदलले होते, तेलातली हवा काढली होती. शेडमध्ये जॅकवर घेतलं की दोन्ही चाकं बोटाने फिरत. मग दोष पायांचाच.

राजकुंवर भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नाना, शेजारी बसा. माझे पाय बघा."

नाही म्हणायला कौतिककडे कारण नव्हतं.

तिने विमान पट्टीवर नुसतं पळवलं. वेग आला तसा कौतिक ओरडला, "ब्रेक!" या विमानाला दोन चाकांचे दोन ब्रेक, टाचांखाली; तिच्या दोन्ही टाचा एकदम, सारख्या दाबल्या गेल्या. त्याने वाकून पाहिलं.

"आते टाचा उचल!"

तिने उचलल्या. टाचा अधांतरी, तरी विमान डावीकडे वळतच राहिलं. सुकाणूचं उजवं पेडल तिने तळाला नेलं होतं. नाला समोर येत होता.

"नाना, उजवा ब्रेक दाबू?"

"नको! टाचा वरच ठेव!" कौतिक म्हणाला. त्याने हात घालून इंजिन बंद केलं. विमान गवतात घुसलं, गचका खाऊन थांबलं. नाला दोन हातांवर.

पंखा थांबताच कौतिकने उडी मारली. दोघांनी विमान मागे ढकललं. उजवं चाक फिरलं, डावं मातीत घसटत आलं. त्याने डाव्या ब्रेकच्या रबरी नळीचं वरचं टोक सैल केलं. चाक तसंच घट्ट. मग खालचं, चाकाजवळचं सैल केलं. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

म्हणजे तेल नळीतच अडकत होतं. नळी आतून फुगलेली. पायाच्या जोराने तेल खाली जाई, परत यायला पंधरा मिनिटं लागत. कौतिक येऊन विमान शेडमध्ये नेईपर्यंत चाक मोकळं झालेलं असे.

कौतिक तिथेच मातीत बसला. "मनी चूक शे, पोरी. तुना पायस्मा काही दोष नही."

"दोन महिने मी जिनासुद्धा पाय मोजत उतरतेय, नाना," राजकुंवर म्हणाली.

कौतिक उठला. नळी काढून, चिरून, तेलकट हातांनी तो थेट कॅप्टनच्या टेबलापाशी गेला. चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत म्हणाला, "साहेब, चूक मनी होती. नोंदवहीत तसंच लिखा."

नवी नळी बसवली त्या सकाळी पहिल्या उड्डाणाला राजकुंवरशेजारी कोण बसणार, असं कॅप्टननी विचारलं. कौतिक आधीच पट्टा आवळून बसला होता.