उजवीकडे ओढणारी सायकल

दसऱ्यापर्यंत श्रीहर्षची सायकल गरीब गाय होती. दसऱ्याला त्याने सुरिनामी दुकानातून झेंडू आणून तिला हार घातला, हँडलवर हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, पाठ होते तेवढे मंत्र म्हटले; आणि दुसऱ्या दिवसापासून ती उजवीकडे ओढायला लागली.

हात सोडले की उजवीकडे. हात धरले तरी उजवीकडेच, फक्त जरा सभ्यपणे. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या त्याच्या फ्लॅटपासून ऑफिसपर्यंतचा रस्ता सगळा डाव्या वळणांचा. पहिल्याच आठवड्यात तो कालव्यात जाता जाता वाचला, आणि एकदा भलत्याच कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत पहिल्या रांगेत उभा राहिला.

“पूजा करायला कुणी सांगितलं होतं तुला?” त्याची बायको गुंजन म्हणाली. “झोपलेली होती बिचारी. मंत्र म्हणून जागी केलीस. आता तिला घरची आठवण येतेय.”

“सायकलीला कसलं आलंय घर?”

“तुला माहीत नाही?”

माहीत होतं. तेच तर दुखणं होतं.

त्याच्या आधीच्या तीन सायकली चोरीला गेल्या होत्या. तिसरी गेली त्या संध्याकाळी मेट्रोच्या पुलाखाली कानटोपी घातलेला एक इसम ही सायकल धरून उभा होता. किंमत अशी सांगत होता की तेवढ्यात नुसती घंटाही आली नसती. मागच्या चाकाला कापलेल्या कुलपाचा अर्धा तुकडा लोंबत होता. श्रीहर्षने तो पाहिला. आपण पाहिलंय हे त्या इसमाने पाहिलं, हेही त्याने पाहिलं. मग दोघांनी दोन दिशांना पाहिलं आणि सौदा झाला. घरी येईपर्यंत श्रीहर्षच्या पुणेरी डोक्याने युक्तिवाद तयार ठेवला होता: आपल्या तीन गेल्या, एक आली, उलट हे गावच आपलं दोन सायकली लागतं.

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणूनच तो रोज नव्याने करावा लागायचा.

पुढे नागरिकत्वाची परीक्षा आली. त्या अभ्यासातच त्याला कळलं की चोरीचा माल समजून-उमजून घेणं हाही इथे गुन्हा आहे. परीक्षा तो पास झाला, अर्ज गेला, निर्णय यायला बरेच महिने होते. तेवढ्यात नावावर पोलिसांचं काही लागलं तर सगळं मुसळ केरात. गुंजन म्हणाली, “सोडून दे ती सायकल कुठेतरी.” पण सोडायला नेली की ती अशी काही करकरायची की चार लोक वळून बघायचे.

आणि त्यात श्रीहर्षची स्वारी मराठी मंडळाच्या गणपतीत माईक हातात आल्यावर बोलून बसली होती, “पासपोर्ट हातात यायच्या आत हा देश मी एकटा सायकलवर पालथा घालणार! आधी जर्मनीची हद्द, मग वर समुद्र, मग घर.” टाळ्या पडल्या. टाळ्यांचं कर्ज फार वाईट, ते फेडावंच लागतं.

“भाड्याची घे,” जूनमध्ये निघताना गुंजनने शेवटचं सांगून पाहिलं.

“का? हिला काय झालंय?” तो म्हणाला. दुसरी घेतली म्हणजे कबूल केल्यासारखं. त्याने तंबू बांधला, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा कॅरियरवर आवळला, आणि निघाला.

त्या देशात डोंगर नाहीत, त्यामुळे वाऱ्याला अडवणारं कुणी नाही. लाडावलेला आहे तो. मोकळ्या रानात श्रीहर्षने एक पुरी तोंडाशी नेली, ती वाऱ्याने हातातून घेतली आणि मागच्या गावातल्या चर्चच्या शिखरावरच्या पत्र्याच्या कोंबड्यावर नेऊन अडकवली. गायी एका बाजूला कलून चरत होत्या; वारा पडला की पडत होत्या. पण वाऱ्याचं काय, तो सगळ्यांनाच लागतो. ओढ मात्र फक्त त्याला लागत होती.

इथे सायकलवाल्यांसाठी चौकाचौकात आकड्यांच्या पाट्या असतात. एका आकड्याकडून पुढच्या आकड्याकडे जात राहायचं, चुकायची सोय नाही. सायकलीला ते आकडे मान्य नव्हते. पाटी डावीकडे बोट दाखवायची, सायकल उजवीकडे मान टाकायची, आणि मध्ये श्रीहर्षचा डावा खांदा भरून यायचा. रात्री तंबूत पडलं की बाहेर गवतात ती हळूच फिरल्याचा आवाज यायचा. सकाळी बघावं तर पुढचं चाक आग्नेयेकडे.

“चाक ढिलं असेल रे,” गुंजन फोनवर म्हणाली. पण विनोद नाही केला तिने. त्यावरून ओळखायचं.

ऱ्हाईनच्या बांधावर, वाखनिंगनच्या अलीकडच्या एका गावात त्याने ती दुरुस्तीवाल्याला दाखवली. दुरुस्तीवाल्याने चाक फिरवलं, फोर्कवर नजर लावली, खांदे उडवले.

“सरळ आहे.”

“मग ओढते का?”

“तू ओढत असशील. किती वर्षं आहे तुझ्याकडे?”

“पाच,” श्रीहर्ष म्हणाला.

“कॅरियर झकास आहे. लाकडाचा. कुणी केला?”

“मीच.”

तोवर शांत उभी असलेली सायकल स्टँडवरून सुटली आणि तिचं पेडल श्रीहर्षच्या नडगीवर असं बसलं की डोळ्यांतून पाणी आलं. पाच वर्षं ही थाप मारली तेव्हा गप्प बसली होती. कॅरियरचं मात्र तिला सोसलं नाही.

तिथून पुढे उजव्या हाताला नदी. बांधावरून उतरणारा एक रस्ता दिसला, खाली पाण्याशी फेरीबोट लागलेली. श्रीहर्षला सरळ जायचं होतं. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेक लागले, चाकं थांबली. सायकल थांबली नाही. तशीच थांबलेल्या चाकांनी उताराला लागली आणि फळी उचलायच्या बेतात असलेल्या फेरीवर दाखल झाली.

“घाई दिसतेय,” फेरीवाला म्हणाला.

“मला नाही,” श्रीहर्ष धापा टाकत म्हणाला. “हिला.”

पलीकडचा काठ म्हणजे फळबागांचा मुलूख. चेरीचे दिवस, झाडांवर जाळ्या टाकलेल्या. तिथे पाय लावायचीही गरज उरली नाही. बांधाचा चढ ती आपणहून चढली. श्रीहर्षने हँडल धरलं होतं ते केवळ पडू नये म्हणून. आपण कुठे चाललोय ते त्याला कळलं होतं. उडी मारून पळावं असं वाटलं. पण पळून जाणार कशावरून?

एका विटांच्या घराच्या अंगणात ती थांबली. अशी थांबली की पायाने रेटली तरी हलेना.

शिडीवरून एक धिप्पाड म्हातारा चेरीची बादली घेऊन उतरला. त्याने श्रीहर्षकडे पाहिलंच नाही. तो सायकलीपाशी आला, सीटवर तळवा ठेवला, मग कॅरियरच्या खाली अंगठा फिरवला. तिथे काहीतरी त्याला सापडलं असावं, कारण अंगठा तिथेच राहिला.

“माझ्या झाडाचं लाकूड,” तो म्हणाला. “वादळात पडलं ते झाड, त्याचा हा कॅरियर मी केला. माझा वाउटर ह्याच्यावर बसून शाळेत जायचा.”

श्रीहर्षचं डच परीक्षेपुरतं होतं. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला तर काय म्हणावं, ते त्याला येत होतं. ज्याच्या चोरीला गेलेल्या सायकलीवर आपण बसलोय त्याला काय म्हणावं, तो धडा पुस्तकात नव्हता. तो खाली उतरला.

म्हाताऱ्याचं नाव बेरेंड. मुलगा वाउटर अ‍ॅमस्टरडॅमला शिकायला गेला तेव्हा ही सायकल त्याने त्याला दिली होती. एक दिवस मुलाचा फोन आला, सायकल चोरीला गेली.

“मी म्हटलं, चोरीला गेली नाही. विकलीस. आधी एकदा त्याने आजोबांचं घड्याळ विकून गिटार आणली होती. तेव्हाही चोरीलाच गेलं म्हणाला होता.” बेरेंड बादलीत बघत बोलत होता. “फार बोललो. तेव्हापासून तो इकडे फिरकला नाही. फोन उचलत नाही.”

मग त्याने पहिल्यांदा श्रीहर्षच्या डोळ्यांत पाहिलं.

“ती तुला कुणी विकली? उंच पोरगा होता? तांबड्या केसांचा?”

श्रीहर्षला समोर वाट मोकळी दिसली. नुसतं ‘हो’ म्हणायचं. मुलाने बापाची सायकल विकली, आपण घेतली. त्यात चोरी कुठली आणि पोलीस कुठले? बाप काही पोराला कोर्टात खेचणार नाही. म्हातारा वर्षभर ज्या उत्तराची खात्री बाळगून बसलाय तेच त्याला द्यायचं, चेरी खायच्या, आणि पुढच्या वर्षी नवा पासपोर्ट घेऊन पुण्याला जायचं. एक शब्द. तोही त्याला डचमध्ये येत होता.

सायकल मध्ये उभी होती. मुकाट. पेडल नाही, करकर नाही. इथवर आणून सोडलं होतं तिने. पुढचं काम तिचं नव्हतं.

“नाही,” श्रीहर्ष म्हणाला. “उंच नव्हता. केस दिसले नाहीत, कानटोपी होती. चाकाला कापलेलं कुलूप होतं. मला कळलं होतं ती चोरीची आहे. तरी मी घेतली.”

बेरेंडने हँडलवरच्या लाल ठिपक्यावर नख घासलं.

“हा गंज?”

“नाही. ते कुंकू. मी तिची पूजा केली होती.”

“चोरीच्या सायकलीची?”

“हो.”

म्हाताऱ्याच्या घशातून एक आवाज आला. हसला की खोकला, श्रीहर्षला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. बेरेंड आत गेला. आता पोलिसांना फोन, श्रीहर्षने मनात म्हटलं, आणि पाय तिथेच रोवून उभा राहिला. बेरेंड बाहेर आला तो पाठकोऱ्या पाकिटावर एक नंबर लिहून.

“तुझ्या फोनवरून लाव. माझा तो उचलणार नाही.”

“काय सांगू?”

“मला सांगितलंस ते.”

फोन वाजला. उचलला गेला. तरुण आवाज, घाईतला. श्रीहर्षने स्पीकर लावला.

“मी... तुमची सायकल माझ्याकडे आहे. लाकडाचा कॅरियर.”

पलीकडून सावधपणे, “तू कोण? पोलीस?”

“नाही. चोराचं गिऱ्हाईक.”

त्याने सगळं सांगितलं, चुकीच्या व्याकरणात आणि बरोबर क्रमाने. कुलपाचा तुकडा सांगताना पलीकडून श्वास ऐकू आला.

“बाबा तिथे आहेत का?”

बेरेंडने जोरजोरात मान हलवली. नाही म्हण.

“आहेत,” श्रीहर्ष म्हणाला. “नाही म्हण म्हणतायत.”

बागेत कुणीतरी पाखरं हाकलायला डबा वाजवत होतं. बेरेंड फोनच्या दिशेने वाकला, तोंड उघडलं, मिटलं. त्याची दाढी नुसतीच हलली.

“मी तेव्हा पोलिसांत तक्रार दिली होती,” वाउटर म्हणाला. हे तो श्रीहर्षला सांगत नव्हता. “बाबा म्हणाले, नाटक आहे. तक्रार अजून उघडी आहे. सायकल कुठे सापडली, कुणाकडे, सगळं कळवावं लागेल मला.” आणि मग जरा खाली आलेल्या आवाजात, “तुझं नाव द्यावं लागेल.”

ऑफिसात श्रीहर्षला सगळे हॅरी म्हणत. झुइडओस्टमध्ये हॅरी किती असतील याची गणती नाही. फोन नंबर बदलता येतो. बेरेंड चेरीच्या बादलीकडे बघत होता, त्याच्याकडे नाही. जणू कुणी अंगावरचे कपडे बदलताना मान फिरवावी तसं.

“श्रीहर्ष दत्तात्रय ओगले,” तो म्हणाला.

“कसं? पुन्हा?”

त्याने एकेक अक्षर सांगितलं. अर्धी अक्षरं पलीकडे चुकीची उतरली, तेव्हा त्याने न कंटाळता सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

“आज मला काम आहे,” वाउटर म्हणाला. “उद्या बघतो.” फोन बंद झाला. उद्या येतो म्हणाला की नुसतं बघतो, हे बेरेंडने श्रीहर्षला दोनदा विचारलं. “बघतो म्हणाला,” श्रीहर्षने दोन्ही वेळा सांगितलं.

तंबू खांद्यावर आणि पुऱ्यांचा डबा काखेत घेऊन तो चालत फेरीकडे निघाला. बेरेंडने डब्यात वर चेरी भरून दिल्या होत्या, न विचारता, न हसता. कोपऱ्यावर श्रीहर्षने मागे पाहिलं. सायकल भिंतीला टेकून उभी होती, हँडल अगदी सरळ.

काठावर पोचल्यावर त्याने गुंजनला कळवलं: सायकल घरी पोचली.

उत्तर लगेच आलं: आणि तू?

फेरी पलीकडच्या काठाला होती. अजून निघाली नव्हती. श्रीहर्षने टाइप करायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. डावा खांदा अजून ओढत होता, जणू कुणी दुसऱ्या बाजूने हात धरलाय.