घर बंद

मित्रांनो, माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत: 'घर बंद'. मी विद्यापीठाच्या धोरण अभ्यास केंद्राचा जुना रबरी शिक्का आहे. लोकांना विचारून सरकारला योग्य उपाय सुचवणे, हे केंद्राचे कर्तव्य.

यवतमाळच्या शिक्के बनवणाऱ्या निजामुद्दीनचाचांनी मला सागवानी मुठीवर चिकटवले. "दार ठोकाले फुरसत नाही, अन् शिक्के बनवून घेऊन राह्यले!" असे म्हणून ते हसले. मला तेव्हा राग आला होता.

कपाशीचे भाव पडलेल्या काळात केंद्राने झरी जामणी तालुक्यातील एका गावाची पाहणी केली. फवारणीच्या हंगामात तेथे विषबाधेवरील उपचारांची सोय करावी की नाही, हे अहवालावर ठरणार होते. जीप सकाळी अकराला पोहोचली. दिवस वेचणीचे, मजुरांच्या दारांना कुलपे. पाहणी करणारे केंद्राचे अतुलसर अशा प्रत्येक घराच्या प्रपत्रावर मला दाबत आणि नियमाप्रमाणे शेजारचे उघडे घर घेत. उघडी घरे दुकानदारांची आणि नोकरदारांची होती. त्या दिवशी मी एकतीस वेळा उमटलो. "ठसा सुबक आहे," असे सर म्हणाले आणि मी फुगलो.

जीप निघताना वेचणीहून परतलेली नंदाबाई आडवी आली.

"काहून जी, आमचं घर बंद लिवलं म्हणे?"

"ताई, कुलूप होतं."

"मंग कापूस का घरात बसून येचू? आमच्या मालकाले फवारता फवारता दोन डाव भोवळ आली. दवाखाना लय दूर हाय. तेवढं तं लिवा!"

"यादी पूर्ण झाली, ताई."

अहवालात छापून आले: विषबाधेच्या तक्रारी नगण्य, उपचारांच्या सोयीची आवश्यकता नाही. पुढच्या भाद्रपदात तिचा नवरा घनश्याम पंप पाठीवर असतानाच कोसळला. आधी बैलगाडी, मग जीप. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला.

त्यानंतर फेरपाहणी झाली. नंदाबाई लेकरांसह राजूरला भावाकडे राहायला गेली होती. सरांनी तिच्या प्रपत्रावर मला दाबले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो एकमेव खरा ठसा.

आता मी खणात पडून आहे. रबराला भेगा पडल्या आहेत, त्याचे दुःख नाही. माझे दोन शब्द मात्र नव्या संगणकातही घातले आहेत, असे ऐकतो. तुमच्यापैकी कोणी उद्या पाहणीला निघालात आणि दाराला कुलूप दिसले, तर शेजारच्या घरी वळू नका. ओट्यावर बसा. दिवेलागणीला माणसे परत येतात.