कारखान्याचा डॉक्टर

ग्राइंडरवर काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात गेला, की सगळे त्याच्याकडेच धावायचे. काडेपेटीतली काडी, टोकाला चिमूटभर कापूस, पापणी उलटवायची, की झालं. त्यावरून कारखान्यात त्याचं नाव डॉक्टर पडलं होतं. शिक्षण चौथी नापास. पण मालकसुद्धा "काय डॉक्टर?" म्हणायचा आणि स्वारीची कॉलर ताठ व्हायची.

मग त्यानेच बायकोच्या भावाला तिथे कामाला चिकटवलं. हा मेहुणा पहिल्याच दिवशी डोळ्यांवर गॉगल चढवून आला. लोक हसले. महिन्याभरात मालकाने सगळ्यांनाच गॉगल आणले, आणि डॉक्टरकडे कोणी फिरकेनासं झालं. घरी बायकोही भावाचेच गोडवे गाणार. डॉक्टरच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हेव्यावर औषध नसतं, आणि या डॉक्टरकडे तर काडीशिवाय काहीच नव्हतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मेहुण्याचा गॉगल उचलला आणि आपल्या हत्यारांच्या पेटीत, कानशींच्या खाली दडवला. जिरू दे जरा याची, एवढंच मनात होतं.

मेहुण्याने शोध शोध शोधला. चारच दांड्या घासायच्या उरल्या होत्या, म्हणून तो तसाच बसला. तिसऱ्या दांडीला डोळा दाबून धरत तो थेट डॉक्टरकडे आला.

"दाजी, बघा हो जरा."

खरं सांगायचं तर डॉक्टरला आनंद झाला. भोवती माणसं जमली होती. कण बुबुळात रुतला होता, याला दवाखान्यातच न्यायला हवं हे त्याला कळत होतं. तरी त्याने काडी काढली. कापसाने निघेना, तेव्हा नुसत्या टोकाने खरवडलं. कण निघाला. लोकांनी वाहवा केली.

चौथ्या दिवशी डोळ्यात पू झाला. पंधराव्या दिवशी डोळा कायमचा गेला.

आता मेहुणा पाणी ओततो ते ग्लासाबाहेर. कारखान्यातला हा सगळ्यात चांगला कारागीर फाटकावर बसून गाड्यांना दार उघडतो. त्याची बायको लोकांचे कपडे शिवते, आणि मशीनवर दुसरा हात हवा म्हणून मुलीची शाळा सुटली.

रविवारी तो बहिणीकडे जेवायला येतो.

"चूक माझीच, दाजी. गॉगल कुठे विसरलो देव जाणे. तुम्ही होतात म्हणून कण तरी निघाला."

डॉक्टर मान खाली घालून घास गिळतो. जेवण झालं की मेहुणा सतरंजीवर आडवा होतो आणि पाच मिनिटांत घोरायला लागतो. डॉक्टर शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहतो. त्या झोपेचा त्याला फार हेवा वाटतो.