आत्याबाईंचा हात

तिने चिमट्यातला शेंगदाणा फळीवरच्या अरुंद खाचेत सोडला. जाळीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला, दाणा अलगद टिपून आत गेला.

"शाब्बास, आत्याबाई!"

वय वाढतं तसा माकडांचा हात किती मंदावतो, हे मोजायचं तिचं काम. या म्हाताऱ्या माकडिणीला ती ऐन तारुण्यापासून ओळखत होती. आल्या-गेल्याकडे नाक मुरडून बघायची खोड होती, म्हणून नाव पडलं आत्याबाई.

दुपारी सहकाऱ्याने चित्रफीत लावली.

"बाकीच्यांचे हात थकले. तुझी आत्याबाई मात्र अजून तरणीताठी," तो हसत म्हणाला. मग त्याने चित्र थांबवून मोठं केलं. हसू मावळलं.

"अगं, दाणा खाचेच्या तळाशी हवा ना? हा तर काठावर टेकवलाय."

चुकून झालं म्हणायला तिची जीभ रेटेना. बोटं चालेनाशी झाली की माकड प्रयोगातून बाद व्हायचं, गावाबाहेरच्या पिंजऱ्यांत जायचं. तिथे आत्याबाईंना नावाने हाक कोण मारणार होतं?

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "पण ही मोजणी खोटी आहे."

"उद्या परत घेऊ. नीट."

"आणि नाही जमलं तर?"

तिने चित्रफीत बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिने दाणा थेट तळाशी ठेवला आणि फळी धरून बसली. आत्याबाईंची बोटं खाचेत शिरली, थरथरली. दाणा जागचा हलला, पण चिमटीत येईना. पुन्हा तेच. नखं नुसती लाकडावर खरवडत राहिली. तिला बघवेना.

आत्याबाई थांबल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फळीवरचं तिचं बोट पकडलं, हळूच ओढत खाचेपाशी नेलं आणि टोक बरोबर दाण्यावर टेकवलं. मग तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत बसल्या.

इतके दिवस ती दाणा वर ठेवत होती, हे त्यांना कळत होतं तर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कॅमेरा बंद करू का?" सहकाऱ्याने हलकेच विचारलं.

त्या पकडीतून तिने बोट सोडवून घेतलं नाही. दाणाही वर काढला नाही.

"नको," ती म्हणाली. "चालू राहू दे."