पूजेतलं हत्यार

खंडेनवमीला सकाळी सलोनी आंघोळ करून बाहेर आली, तोवर देवघरासमोरच्या पाटावर घरातली हत्यारं मांडून झाली होती. विळी, कात्री, हातोडी, बाबांची शाळेतली लाकडी पट्टी आणि मधोमध तिचा ऑफिसचा लॅपटॉप. त्याच्या शेजारी बोटभर लांबीचं एक गुलाबी यंत्र. त्याला गंध, हळद, कुंकू लावून वर झेंडूचं फूल वाहिलेलं.

ते तिचं व्हेप होतं, बॅटरीवरची सिगारेट. बॅगेच्या आतल्या कप्प्यात दडवलेलं.

आईला, कुसुमताईंना, ते काय ठाऊक असणार? लॅपटॉप काढताना हाताला लागलं, चार्जिंगची खाच दिसली, तेव्हा हेही लेकीच्या कामाचंच असणार असं समजून त्यांनी ते ओल्या फडक्याने पुसून मांडलं होतं. सलोनी घाईने पाटाकडे वळली. काही बोलायच्या आत खोकल्याची उबळ आली.

"तुमच्या हडपसरच्या ऑफिसात माणसं काम करतात की बटाटे साठवतात?" अनंतराव पेपरामागून म्हणाले. खोकला एसीमुळे होतो, असं तिनेच घरी सांगून ठेवलं होतं.

बाबांच्या टोमण्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते आईकडे बघून. चातुर्मास लागला त्या दिवशी कुसुमताईंनी देवीला सांगितलं होतं, पोरीचा खोकला जाईपर्यंत मी चहाला शिवणार नाही. सकाळचा दोन कप चहा हाच काय तो त्यांचा शौक. पहिला आठवडाभर त्या कपाळाला फडकं बांधून स्वयंपाक करत होत्या. सलोनी ते बघायची आणि न्हाणीघरात नळ मोठा सोडून आंब्याच्या वासाचा धूर ओढायची. वास कसला, म्हणून आईने विचारलं तेव्हा नवा शाम्पू म्हणाली होती.

आरतीला खालच्या मजल्यावरची तेजस्विनी आली. ती डॉक्टर, छातीच्या आजारांचं पुढचं शिक्षण घेत होती. कुसुमताईंनी तिच्या हातावर खिरापत ठेवली आणि कौतुकाने पाटाकडे बोट केलं.

"हे बघ, आमच्या सलोनीच्या ऑफिसचं. एवढंसं आहे, पण काय काय साठवत असेल."

तेजस्विनीने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा सलोनीकडे. "साठवतं खरं, काकू," म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

तिला सोडायला सलोनी जिन्यापर्यंत गेली. मैत्रिणीचं आहे, असं आधी म्हणून पाहिलं. तेजस्विनीने नकारार्थी मान हलवली. मग सलोनी म्हणाली, सिगारेटपेक्षा बरं असतं.

"तू सिगारेट कधी ओढत होतीस?"

कधीच नव्हती. तेजस्विनीने आवाज न चढवता सगळं सांगितलं. वाफ म्हणतात, पण ते नुसतं पाणी नव्हे. निकोटिन असतं, म्हणून हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. वासासाठी घातलेले पदार्थ खायला चालत असतील, छातीत ओढायला नाही. त्यातून देशात बंदी आहे, तेव्हा जे मिळतं ते चोरून, आणि आत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. उद्या परवा छातीची तपासणी करू, म्हणाली. "काकूंना मी सांगणार नाही. ते तुझं काम."

सलोनी वर आली. बाबा मंडईत आपट्याची पानं आणायला गेले होते. कुसुमताई उपासाचं गरम पाणी कपात घेऊन बसल्या होत्या, चहा प्यावा तशा फुंकून पीत. ते बघून सलोनीला उभं राहवेना. ती त्यांच्या पायाशी बसली आणि जमिनीकडे बघत सगळं बोलून टाकलं. दोन वर्षं झाली हेसुद्धा.

कुसुमताईंनी कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी त्याला कुंकू लावलं गं. आणि तीन महिने देवीपुढे तुझ्या एसीच्या नावाने बोटं मोडत होते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सलोनी उठून पाटाकडे गेली, यंत्राला हात लावणार तोच कुसुमताई म्हणाल्या, "पूजेतलं हत्यार आज हलवायचं नसतं. उद्या उचल."

"अगं, पण बाबा बघतील. येणारे-जाणारे बघतील."

"बघू देत."

दुपारपर्यंत चार बायका कुंकवाला येऊन गेल्या. प्रत्येकीचं लक्ष पाटाकडे गेलं की सलोनीचे कान तापायचे. कुसुमताईंनी मात्र त्या यंत्राची ओळख कुणालाच करून दिली नाही. तीनच्या सुमाराला सलोनीची बोटं चुळबुळायला लागली, जीव नुसता त्या गुलाबी तुकड्याकडे ओढ घेऊ लागला. तो समोर होता, चार हातांवर, कुंकवाने माखलेला. तिने तोंड फिरवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आलं किसून चहा टाकला. कप आईसमोर ठेवला.

"आई, घे ना. तो खोकला देवीच्या हातातला नव्हता. माझ्या हातातला होता."

कुसुमताईंनी कपाकडे पाहिलं. वास नाकात गेला तसे त्यांचे डोळे क्षणभर मिटले.

"गेला का?"

सलोनीने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिला ठसका लागला.

कुसुमताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, उबळ थांबेपर्यंत. चहावर साय धरली होती. कप त्यांनी हळूच तिच्याकडे सरकवला.